यानं तिथे पोचली, मग आपण दुर्बिणीतून काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा इंची दुर्बीण घेऊन चार महिने झाले, गुरू दिसतो पण दोन पुसट पट्टे आणि बाजूला चार ठिपके एवढंच, तिकडे गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानाचे फोटो बघितले की डोळे दिपतात, मग यानं तिथे जाऊन एवढं बघतायत तर आपण इथून डोकावून काय मिळवणार, दुर्बीण विकून टाकावी का.

मी वीसेक वर्षं ग्रहच बघतोय, आधी दुर्बिणीला डोळा लावून आणि मग कॅमेऱ्याने, त्यामुळे जरा लांबण लागली तरी सविस्तर लिहितो. दुर्बीण विकू नका हे आधीच सांगून टाकतो. बाकी तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळलेत, एक म्हणजे मला कमी का दिसतं, आणि दुसरा म्हणजे दिसलं तरी त्याचा उपयोग काय. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं पटणार नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

गुरूचं बिंब प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो तेव्हाच्या) आसपास ४५ ते ५० आर्कसेकंदांचं असतं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), चंद्राचं साधारण १८००. म्हणजे ४० पट मोठं केलं की गुरू आयपीसमधे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तेवढाच होतो जेवढा नुसत्या डोळ्याला चंद्र दिसतो. हे कुणालाच खरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं, कारण काळ्या गोलात एकटं बिंब असतं आणि तुलनेला काहीच नसतं. एकदा चंद्र आणि गुरू दोन्ही वर असताना एक डोळा आयपीसला आणि दुसरा उघड्या आकाशातल्या चंद्राकडे असं करून बघा, मग कळेल की तुमच्यासमोर बिंब चांगलं मोठं आहे, त्यातलं वाचायला डोळा अजून तयार झालेला नाही एवढंच.

दुसरी अडचण हवेची. सहा इंची म्हणजे १५० मिमी आरशाची ताकद पावणे आर्कसेकंदाच्या आसपासचे बारकावे वेगळे दाखवण्याची असते, पण वरची हवा बहुतेक रात्री चित्र दीड-दोन आर्कसेकंदांपर्यंत फासून टाकते. याला सीइंग म्हणतात आणि ग्रह बघणाऱ्याचं सगळं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरतं. तारे जोरात लुकलुकत असतील, आकाश काचेसारखं स्वच्छ असेल, सगळे वा वा करत असतील, ती रात्र ग्रहांना बहुतेक वेळा वाईट असते, आणि थोडी धुरकट, वारा पडलेली, तारे मंद पण स्थिर असलेली रात्र असेल तर मी हातातलं काम टाकून दुर्बीण बाहेर काढतो. शहरातल्या उजेडाने ग्रहांचं जवळपास काहीच बिघडत नाही, ते रडगाणं आकाशगंगा आणि तेजोमेघ बघणाऱ्यांचं.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. दुर्बीण किमान तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा हवेपेक्षा गरम असला की नळीतच हवा उकळत राहते आणि आपण उगाच आकाशाला दोष देतो. कॉलिमेशन म्हणजे आरशांची जुळवणी तपासा, एखादा तेजस्वी तारा मधोमध घेऊन थोडा फोकसबाहेर काढा, वर्तुळं एकात एक मधोमध बसलेली दिसली पाहिजेत, एका बाजूला सरकलेली असतील तर आरसे जुळलेले नाहीत, आणि जुळवणी चुकलेली असताना महागातला आयपीस लावूनही काही होत नाही. ग्रह ३० अंशांच्या वर आल्याशिवाय बघू नका. १५० ते १८० पटीच्या वर जाऊ नका, सुरुवातीला तर नाहीच. आणि बसून बघा! उभं राहून, मान वाकडी करून माणूस दोन मिनिटांच्या वर बघत नाही आणि दोन मिनिटांत गुरू काहीच दाखवत नाही.

कारण तो कसा दिसतो ते सांगतो. वाहत्या पाण्याच्या तळाशी एखादा खडा असावा आणि पाण्यामुळे तो सतत लवलवत असावा तसं ते बिंब लवलवत असतं, पट्ट्यांच्या कडा धुतल्यासारख्या, मिनिटभर, दोन मिनिटं, पाच मिनिटं असंच, आणि मग मध्येच पाणी थांबतं. अर्धा सेकंद, फार तर एक. तेवढ्यात उत्तर विषुववृत्तीय पट्ट्याच्या खालच्या कडेला एक निळसर करडा, हुकासारखा आकडा लोंबताना दिसतो आणि पट्टा सरळ रेघ नसून फाटक्या किनारीसारखा आहे हे दिसतं, आणि परत पाणी वाहायला लागतं. तो आकडा लक्षात ठेवायचा, पुढच्या थांब्याला तो तिथेच आहे का ते बघायचं, तिसऱ्यांदाही दिसला की कागदावर काढायचा. वीस मिनिटांत असे आठ-दहा थांबे मिळतात. यालाच ग्रह बघणं म्हणतात, आणि चार महिन्यांत हे कुणालाच येत नसतं.

म्हणून कागद आणि पेन्सिल घ्या. गोल नाही, किंचित चपटी लंबवर्तुळं काढून ठेवा, गुरू ध्रुवांकडे साधारण साडेसहा टक्क्यांनी दबलेला आहे. चित्र चांगलं यायची गरज नाही, आधी पट्टे, मग त्यातले गडद ठिपके, आणि बाजूला जागतिक वेळ (ग्रिनिचची, यूटी) मिनिटापर्यंत. वेळ नसलेलं चित्र आठवण म्हणून ठीक आहे, निरीक्षण म्हणून त्याला किंमत नाही.

वेळेवर एवढा भर का देतोय, तर गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. तांबडा डाग म्हणजे ग्रेट रेड स्पॉट बिंबाच्या मध्यरेषेवर आला असं वाटेल ते मिनिट लिहून ठेवा. (सहा इंचीत डाग शोधत बसू नका, तो फिका असतो, दक्षिण पट्ट्याला पडलेली खाच शोधा, डाग त्या खाचेत बसलेला असतो, आणि तुमची न्यूटोनियन म्हणजे दोन आरशांची दुर्बीण असेल तर चित्र उलटं आहे हे विसरू नका.) एक मिनिट म्हणजे रेखांशात ०.६ अंश. म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला लावलेल्या डोळ्याने आणि घड्याळाने, चार-पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी, तुम्ही पृथ्वीपेक्षा मोठ्या वादळाची जागा दोन-तीन अंशांत सांगू शकता. दोन दिवसांनी तो साधारण १ तास ३८ मिनिटं उशिरा परत मध्यावर येतो, महिनाभर असे आकडे घेतले की डाग कुठल्या बाजूला किती सरकतोय ते तुमच्याच वहीत दिसायला लागतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या निरीक्षकांनी अगदी हेच केलं, आणि त्यांच्या नोंदी आहेत म्हणूनच आज आपण छातीठोकपणे म्हणतो की हा डाग आक्रसत चाललाय, तेव्हा तो ४०,००० किलोमीटरच्या आसपास लांब होता, १९७९ मधे व्हॉयेजर यानं गेली तेव्हा साधारण २३,००० आणि आता १६,००० किंवा त्याहूनही कमी.

आता दुसरा प्रश्न, यानं तिथे असताना आपण कशाला.

जुनोचंच घ्या. ते २०१६ च्या जुलैमधे गुरूपाशी पोचलं, आणि त्याची कक्षा इतकी लांबट आहे की सुरुवातीची कित्येक वर्षं ते ५३ दिवसांतून एकदा ढगांच्या अगदी जवळून, चार-पाच हजार किलोमीटरवरून जायचं, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत दोनेक तासांत, आणि परत लांब. त्या दोन तासांत जे दिसतं ते अफाट आहे, पण दिसते ती एक चिंचोळी पट्टी. तिच्या बाजूला काय चाललं होतं, काल काय होतं, ते वादळ आठवड्यापूर्वी तिथे होतं का, हे यानाला माहीत नसतं. यान जवळून बघतं पण क्वचित, आपण लांबून बघतो पण जगभर मिळून जवळजवळ रोज रात्री. म्हणून जुनोचे शास्त्रज्ञ हौशी लोकांचे फोटो मागवतात, यानाने जी पट्टी बघितली ती पूर्ण गुरूवर नेमकी कुठे बसते ते त्यातून कळतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ३१ मे २०२० चं आहे. दक्षिण आफ्रिकेतले क्लाइड फॉस्टर नावाचे हौशी निरीक्षक, त्यांनी त्या रात्री मिथेनच्या फिल्टरमधून गुरू टिपला, म्हणजे ८९० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश, ज्यात खालचे ढग काळे पडतात आणि उंच गेलेलं काही असेल तर ते चमकतं. तांबड्या डागाच्या आग्नेयेला एक लख्ख ठिपका दिसला जो काही तास आधी ऑस्ट्रेलियातून घेतलेल्या फोटोत नव्हता. दोनच दिवसांनी, २ जूनला, जुनोची जवळची फेरी होती, ती नेमकी त्याच भागाजवळून गेली, आणि जन्मून दोन दिवस झालेल्या वादळाचा जवळून फोटो मिळाला. ठिपका नुकताच वर आलाय हे यानाला एकट्याला कधीच सांगता आलं नसतं, त्याच्यासाठी दोन दिवस आधी कुणीतरी मागच्या अंगणात जागं असावं लागतं.

दुसरं उदाहरण अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकांचं. १९ जुलै २००९, ऑस्ट्रेलिया, साडेचौदा इंची दुर्बीण. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा ठिपका दिसला, उपग्रहाची सावली म्हणावी तर त्या जागी कुठल्याच उपग्रहाची सावली पडणार नव्हती, आणि तो ठिपका गुरूबरोबर फिरत होता. त्यांनी कळवलं, मग मोठ्या दुर्बिणी वळल्या, हबलनेही चार दिवसांत फोटो घेतला, गुरूवर काहीतरी आदळलं होतं, १९९४ मधे आदळलेल्या शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूनंतर पहिल्यांदाच असा व्रण दिसत होता. पुढच्याच वर्षी ३ जूनला वेस्ली व्हिडिओ घेत असताना गुरूवर दोनेक सेकंदांचा झगमगाट झाला, आणि फिलिपिन्समधे क्रिस्टोफर गो यांच्या व्हिडिओतही तोच झगमगाट त्याच वेळी त्याच जागी होता. ही दुसरी नोंद लाखमोलाची, कारण एकाच कॅमेऱ्यात चमक दिसली तर ती सेन्सरवर येऊन आदळलेल्या एखाद्या कणाचीही असू शकते, दोन देशांतल्या दोन कॅमेऱ्यांत दिसली की शंका संपते. म्हणून कुणी म्हटलं की माझ्यापेक्षा मोठी दुर्बीण असलेला माणूस तोच ग्रह बघतोय मग मी कशाला, तर मी सांगतो की तुमची नोंद ही त्याची साक्ष आहे.

शनीचंही तसंच. ५ डिसेंबर २०१० ला शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला शनीवरच्या विजांचा रेडिओ आवाज ऐकू यायला लागला, त्याच सुमारास हौशी लोकांच्या फोटोत उत्तर गोलार्धात एक पांढरा ठिपका दिसायला लागला, आणि काही आठवड्यांत तो अख्ख्या ग्रहाला वळसा घालणारं वादळ झाला. यान कक्षेत असताना! आणि तुमच्या सहा इंचीला नावं ठेवण्याआधी हे ऐका, १९३३ च्या ऑगस्टमधे शनीवरचा असाच मोठा पांढरा डाग पहिल्यांदा बघितला तो विल हे यांनी, इंग्लंडच्या रंगभूमीवरचे आणि सिनेमातले विनोदी नट, आणि त्यांच्याकडची दुर्बीण सहा इंचीच होती.

आता जे काम मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं आणि ज्याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात ते म्हणजे पिधान. एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि तारा काही सेकंद विझतो. लघुग्रह स्वतः कदाचित तुमच्या दुर्बिणीत दिसतही नाही, पण त्याची ताऱ्याच्या उजेडातली सावली जमिनीवरून धावत जाते आणि ती सावली लघुग्रहाएवढीच असते. तुम्ही सावलीत असलात तर तारा, समजा, २.४ सेकंद विझला, शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडे १.१ सेकंद, तिसऱ्याकडे विझलाच नाही. या सगळ्या वेळांएवढ्या लांब रेघा एकाखाली एक मांडल्या की लघुग्रहाचा आकार कागदावर उमटतो, आणि ज्याच्याकडे विझला नाही त्याची नोंदही तेवढीच लागते, कारण कड कुठे संपते ते त्याच्यामुळे कळतं. सावली सेकंदाला २० किलोमीटरने पळत असेल तर एक दशांश सेकंदाची चूक म्हणजे २ किलोमीटरची चूक, म्हणून व्हिडिओवर जीपीएसची वेळ छापलेली हवी. गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा इतक्या नेमक्या मोजून दिल्यात की सावली कुठून जाणार याचे अंदाज आता पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक येतात, आणि ऑकल्ट वॉचर नावाच्या सॉफ्टवेअरमधे तुमची जागा टाकली की तुमच्याजवळून कुठल्या रात्री कुठली सावली जाणार याची यादी मिळते. तेजाच्या अकराव्या प्रतीपर्यंतचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारे तुमच्या दुर्बिणीला जमतील.

यातून किती मोठं काही निघू शकतं तर २७ मार्च २०२२ चं बघा. नासाचं लूसी यान २०२७ मधे पॉलिमेली नावाच्या लघुग्रहाजवळून जाणार आहे, त्याचा आकार आधी कळावा म्हणून व्यावसायिक आणि हौशी मिळून २६ तुकड्या सावलीच्या वाटेवर पसरल्या. १४ तुकड्यांना तारा विझलेला दिसला, पण त्यातल्या दोघांच्या वेळा बाकीच्यांशी जुळेनात. चूक म्हणून फेकून द्याव्यात असे ते आकडे, पण तपासल्यावर निघालं की त्यांनी पॉलिमेलीचा उपग्रह पकडला होता, तिच्यापासून साधारण २०० किलोमीटरवर, जेमतेम ५ किलोमीटरचा. त्याआधी तो आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या रात्री तुमचा आकडा जुळणार नाही त्या रात्री तो खोडू नका, एवढंच यावरून सांगतो.

ढगाळ रात्री यानांचा कच्चा डेटा बघा, जुनोचे कच्चे फोटो सगळ्यांना खुले आहेत, यान मिनिटाला दोनेक वेळा स्वतःभोवती फिरतं त्यामुळे ते पट्ट्यापट्ट्यांत येतात, आणि तुम्ही ज्या फोटोंनी दिपून गेलात त्यातले कित्येक हौशी लोकांनी त्या पट्ट्या जोडून, रंग लावून तयार केलेत. २०१९ मधे विक्रम लँडर चंद्रावर कोसळलं, तेव्हा चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर यानाचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून त्याचा एक तुकडा शोधला तो षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने, आणि डिसेंबरमधे नासाने ते नाव घेऊन जाहीर केलं. दुर्बीण लागलीच नाही.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी, कारण पुढे तुम्ही तिकडे वळणारच. ग्रहांचा फोटो म्हणजे एक फोटो नसतो, दोनेक मिनिटांचा व्हिडिओ असतो, हजारो फ्रेम, त्यातल्या जेव्हा पाणी थांबलेलं असतं तेवढ्याच निवडून ऑटोस्टॅकर्ट सारख्या सॉफ्टवेअरने एकावर एक रचायच्या, म्हणजे डोळा जे थांबे पकडतो तेच मशीन पकडतं. दोन मिनिटांच्या फार पुढे जायचं नाही कारण गुरू फिरतो आणि बारकावे फासले जातात.

आणि दुसरी गोष्ट कळकळीने सांगतो, कृत्रिम बुद्धिमत्तेची शार्पनिंगवाली टूल्स ग्रहांवर वापरू नका. ती नसलेले बारकावे भरतात. आपल्या छंदाने ही ठेच एकदा खाल्लेली आहे, १८७७ मधे इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्कियापरेली यांनी मंगळावर रेघा नोंदवल्या, पुढे अमेरिकेतले निरीक्षक लोवेल यांनी त्यांचं कालव्यांचं जाळं केलं, नकाशे छापले, तिथे कुणीतरी राहतं म्हणाले. १९०९ मधे ग्रहांचे निरीक्षक अँटोनियाडी यांनी पॅरिसजवळच्या म्यूडॉन वेधशाळेच्या ८३ सेंटीमीटर दुर्बिणीतून शांत हवेत बघितलं तर रेघांच्या जागी विस्कळित ठिपके आणि डाग होते, डोळ्याने तुटक ठिपके जोडून रेघ केली होती. १९६५ मधे मंगळाजवळून गेलेल्या मरिनर ४ यानाचे २१ फोटो आले, त्यात खड्डे होते. लोवेल काही खोटं बोलणारा माणूस नव्हता, पण त्याच्या नकाशाचा पुढे कुणाला उपयोग झाला नाही आणि अँटोनियाडींचे नकाशे मात्र दशकानुदशकं वापरले गेले. तुमच्या फोटोत मऊ, पुसट पट्टा आला असेल तर तो पुसटच राहू द्या, त्याचं मोजमाप होऊ शकतं, टूलने काढून दिलेल्या नक्षीचं होत नाही.

तर लगेच करण्यासारखं एवढंच: पहिल्या बऱ्या रात्री दुर्बीण तासभर थंड करा, गुरूचा एखादा उपग्रह किंवा त्याची सावली बिंबावरून जाणार असेल ती वेळ आधी काढून ठेवा. आयओ या उपग्रहाची सावली पट्ट्यावरून सरकते तेव्हा ती टाचणीच्या टोकाएवढी पण शाईसारखी काळी दिसते, हवा किती थांबतेय हे ओळखायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. ती कडेवर आली ते मिनिट आणि मध्यावर आली ते मिनिट लिहा. आणि दुर्बीण न्यूटोनियन आहे की भिंगाची, फोकल लांबी किती, सोबत कुठले आयपीस आले ते इथे कळवा, कॉलिमेशनचं त्याप्रमाणे पायरीपायरीने लिहून देतो.